हे खरे आहे काय?



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत एक कागद आला. गटातल्या एका ताईच्या मुलाने मोबाईलवरून शोधून त्याची प्रिंट काढून आणली होती. विधानसभेतल्या तारांकित प्रश्नांच्या यादीतलं ते पान होतं. आमच्या भागातल्या अर्धवट राहिलेल्या नळपाणी योजनांबद्दल एका आमदारांनी पाणीपुरवठा मंत्र्यांना प्रश्न विचारला होता. सगळ्याजणी म्हणाल्या, मोठ्याने वाचा. मी वाचायला लागले.

सरकारी कागदाची भाषा तुम्हाला माहीत आहे. "सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय," अशी सुरुवात. मग एक नंबरला, अमुक गावात पाण्याची टाकी बांधूनही पाणी आलेले नाही, हे खरे आहे काय. दोन नंबरला, असल्यास चौकशी केली आहे काय. तीन नंबरला, चौकशीनुसार कोणती कार्यवाही केली. आणि चार नंबरला, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. शेजारच्या रकान्यात मंत्र्यांचं उत्तर. एकला "हे अंशतः खरे आहे." दोन आणि तीनला चार ओळी. चारला "प्रश्न उद्भवत नाही."

आमच्या गटातल्या सगळ्यांत वडील मावशी भिंतीला टेकून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "अंशतः खरं म्हंजी काय गं? टाकी हाय अन् पानी न्हाई, ह्येच का अंशतः?" सगळ्या हसल्या. पण मावशींचा दुसरा प्रश्न मला निरुत्तर करून गेला. त्या म्हणाल्या, "मंत्र्याला असं उभं करून इचारायचं, हे कवापासनं सुरू झालं? आधीपासनं हाय का कुनी भांडून घेतलं?"

मी बी. ए. ला इतिहास घेतला होता. तरी मला सांगता आलं नाही. घरी जाऊन जुनी पुस्तकं काढली, वाचनालयातून दोन आणली. त्यातलं जे हाती लागलं, ते आज तुम्हाला सांगते. मावशी, तुम्हीही रेडिओ लावून बसला असाल, तर हे उत्तर तुमच्यासाठीच आहे.

भांडूनच घ्यावं लागलं, मावशी. आणि एकदम नाही मिळालं, तुकड्या-तुकड्याने मिळालं.

१८५७ च्या उठावानंतर इंग्रज सरकारने १८६१ मध्ये एक कायदा केला आणि मुंबई इलाख्यासाठी कायदे करणारं कौन्सिल पुन्हा सुरू झालं. त्यात सगळे गव्हर्नरने नेमलेले सभासद. समोर आलेल्या कायद्याच्या मसुद्यावर बोलायचं, एवढंच त्यांचं काम. रस्ता का झाला नाही, दुष्काळात धान्य का पोचलं नाही, पैसे कुठे गेले, असं सरकारला विचारायची मुभाच नव्हती. कौन्सिलात बसलेल्या माणसालाही नव्हती, मग बाहेरच्याला कुठली असणार?

पण कर तर भरावाच लागत होता. आपल्या आज्या-पणज्या 'लोकल बोर्डाची शाळा', 'लोकल फंड' असे शब्द वापरायच्या, आठवतं का? तो लोकल फंड म्हणजे शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा जादा पट्टी. रस्ते, शाळा, विहिरी यांच्यासाठी म्हणून ती घेतली जायची. ज्याच्या नावावर जमीन तो भरायचा, आणि तो एक आणा कुणाच्या राबण्यातून यायचा ते तुम्हाला मी सांगायला नको.

हा पैसा जातो कुठे, हे स्पष्ट विचारणारा एक मोठा माणूस म्हणजे जोतीराव फुले. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करायला सरकारने हंटर साहेबाचं कमिशन नेमलं. जोतीरावांनी त्याच्यापुढे लेखी निवेदन दिलं. म्हणणं सरळ होतं. सरकारची तिजोरी भरते शेतकऱ्याच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गांच्या मुलांवर. मग ज्यांचे पैसे, त्यांच्या मुलांसाठी गावोगाव शाळा का नाहीत? त्याच कमिशनपुढे पुण्यात पंडिता रमाबाईंचीही साक्ष झाली. बायकांना शिकवायला बायका शिक्षक हव्यात, बायकांना तपासायला बायका डॉक्टर हव्यात, असं त्यांनी तिथे ठासून सांगितलं. मला या दोघांचं फार वाटतं. ज्या घरात विचारायचं, त्या घरात त्यांना जागा नव्हती. म्हणून ओटीवर उभं राहून त्यांनी विचारलं.

दहा वर्षांनी, १८९२ च्या कायद्याने कौन्सिलातल्या सभासदांना प्रश्न विचारायचा हक्क मिळाला. अंदाजपत्रकावर बोलताही येऊ लागलं. पण त्यात एक खुबी होती. प्रश्न विचारायचा, सरकार देईल ते उत्तर ऐकायचं आणि खाली बसायचं. उत्तरावर पुन्हा प्रश्न नाही. म्हणजे बघा, रेशन दुकानात जाऊन विचारलं, "तांदूळ आला का?" दुकानदार म्हणाला, "नाही." आणि "मग कधी येणार?" हे विचारायला बंदी! अंदाजपत्रकावर बोला, पण मत देऊ नका. अशा बांधलेल्या हातांनी फिरोजशहा मेहता, टिळक, गोखले हे लोक मुंबईच्या कौन्सिलात बसले.

गोखल्यांचं मिठाबद्दलचं काम तेवढं सांगते आणि पुढे जाते, कारण मीठ हा आपल्या घरातला विषय आहे. गोपाळ कृष्ण गोखले पुढे कलकत्त्याला, व्हाइसरॉयच्या कौन्सिलात गेले. मार्च १९०२ मध्ये अंदाजपत्रक आलं. सरकार मोठ्या दिमाखात सांगत होतं की तिजोरीत पैसे शिल्लक राहिले. गोखले उभे राहिले. दुष्काळ आणि प्लेगने लोक मरत असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ लोकांकडून गरजेपेक्षा जास्त घेतलं, असा हिशेब त्यांनी आकडे देऊन मांडला आणि गरिबाच्या मिठावरचा कर कमी करा म्हणाले. मत द्यायचा हक्क त्यांना नव्हता. पण पुढच्याच वर्षी मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपये झाला, १९०५ मध्ये दीड आणि १९०७ मध्ये एक रुपया. हे एकट्या गोखल्यांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण दर वर्षी तोच विषय, तेच आकडे घेऊन उभं राहणाऱ्या माणसाचा त्यात वाटा होता.

१९०९ च्या कायद्याने उपप्रश्न आला. म्हणजे "मग कधी येणार?" हे विचारता येऊ लागलं, पण ज्याने पहिला प्रश्न विचारला त्यालाच. १९१९ च्या कायद्याने, म्हणजे १९२१ पासून, कुठल्याही सभासदाला उपप्रश्न विचारता येऊ लागला. त्याच वेळी पहिल्यांदा मंत्री आले. आधी सगळा कारभार गव्हर्नर आणि त्याच्या नेमलेल्या साहेबांचा होता. आता दोन वाटण्या झाल्या. पोलीस, शेतसारा, तिजोरी ही खाती साहेबांकडेच राहिली. शिक्षण, दवाखाने, नगरपालिका आणि लोकल बोर्ड, दारूवरचा कर ही खाती निवडून आलेल्यांतल्या मंत्र्यांकडे गेली. चावी एकाकडे आणि घर दुसऱ्याने चालवायचं, असाच तो प्रकार होता. तरी शाळा का नाही, दवाखाना का नाही, विहीर कुणासाठी, हे विचारायला समोर एक माणूस मिळाला.

आणि आपण? मुंबई इलाख्यात १९२१ मध्ये बायकांना मताचा हक्क मिळाला, पण तो मालमत्तेच्या अटीवर, म्हणजे मूठभर बायकांना. कौन्सिलात सभासद म्हणून बसायची बंदी तर १९२६ पर्यंत होती. त्यामुळे आता मी जी पाण्याची गोष्ट सांगणार आहे, त्या चर्चेत एकही बाई नव्हती. घागर कुणाच्या डोक्यावर होती, आणि घागरीबद्दल बोललं कोण, हे लक्षात ठेवून ऐका.

रावबहादूर सीताराम केशव बोले हे मुंबईतल्या कामगारांचे पुढारी. भंडारी समाजातले, गिरणीतल्या लोकांत वावरलेले. कौन्सिलात ते सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ ला त्यांचा एक ठराव कौन्सिलने मंजूर केला. ठराव असा: सरकारी पैशातून किंवा सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सार्वजनिक शाळा, कोर्ट, कचेऱ्या, दवाखाने, हे सगळं अस्पृश्य मानलेल्या लोकांना वापरू द्यावं.

यात 'सार्वजनिक पैसा' हा शब्द फार महत्त्वाचा आहे, मैत्रिणींनो. बोल्यांनी धर्माचा वाद घातला नाही. पुण्य-पाप काढलं नाही. ज्या विहिरीला सगळ्यांचा पैसा लागला, तिचं पाणी सगळ्यांचं, एवढंच पकडलं. त्यामुळे नाही म्हणणाऱ्याला हिशेबाला उत्तर द्यावं लागलं असतं.

ठराव झाला, पण ठराव म्हणजे कायदा नव्हे. ती सरकारला केलेली शिफारस. सरकारने ११ सप्टेंबर १९२३ ला हुकूम काढला. तो हुकूम वाचताना मी थांबले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचला. त्यात दोन भाग आहेत. सरकारच्या स्वतःच्या मालकीच्या जागांबद्दल म्हटलंय की सर्व खातेप्रमुखांनी ठरावाची अंमलबजावणी करावी. आणि नगरपालिका, लोकल बोर्ड यांच्या ताब्यातल्या जागांबद्दल काय म्हटलंय? तर कलेक्टरांनी या संस्थांना असा सल्ला द्यावा की, हा ठराव मान्य करणं इष्ट आहे का, याचा त्यांनी विचार करावा.

बघा कसं आहे ते. एका ठिकाणी 'करावी'. दुसऱ्या ठिकाणी 'विचार करावा, असा सल्ला द्यावा'. आणि गावचे पाणवठे, तळी, विहिरी होत्या कुणाकडे? बहुतेक दुसऱ्या भागातल्या संस्थांकडेच. कचेरीच्या दारातला माठ खुला झाला, गावाचं तळं सल्ल्यावर राहिलं. सरकारी कागदात क्रियापद कुठलं आहे ते आधी बघायचं, हे मी तेव्हापासून शिकले. आमच्या गटात आता कुठलंही पत्र आलं की मावशी विचारतात, "करावं लिवलंय का इचार करावा लिवलंय?"

कुलाबा जिल्ह्यातलं महाड हे त्यातलं एक गाव. आजचा रायगड. तिथल्या चवदार तळ्याचा कारभार नगरपालिकेकडे. महाडच्या नगरपालिकेने मात्र सल्ला मानला. ५ जानेवारी १९२४ ला तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव तिने केला. इतिवृत्ताच्या वहीत नोंद झाली. आणि तळ्यावर? तळ्यावर काहीच बदललं नाही. वहीतलं तळं खुलं, गावातलं तळं बंद. गुरांना पाणी, सगळ्या जातिधर्माच्या लोकांना पाणी, फक्त महार, चांभार, मांग यांना नाही. असं तीन वर्षं चाललं.

बोले गप्प बसले नाहीत. ५ ऑगस्ट १९२६ ला त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव मांडला. या वेळी त्यांनी पैशाच्या नाडीवर बोट ठेवलं: ज्या नगरपालिका आणि लोकल बोर्ड पहिला ठराव अमलात आणायला नकार देतात, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. मला हा दुसरा ठराव पहिल्यापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिल्या ठरावाची आठवण सगळे काढतात, सभांत सांगतात. पण तीन वर्षांनी परत त्याच दारात जाऊन "त्याचं काय झालं?" विचारणं हे कंटाळवाणं काम आहे. त्याला टाळ्या मिळत नाहीत. गटाचं थकीत कर्ज वसूल करायला ज्या बाया घरोघर हिंडतात, त्यांना हे कळेल.

त्यानंतर काही महिन्यांतच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई कौन्सिलात सरकारनियुक्त सभासद म्हणून आले. फेब्रुवारी १९२७ मध्ये त्यांनी शपथ घेतली आणि त्याच महिन्यात अंदाजपत्रकावर भाषण केलं. १२ मार्च १९२७ ला शिक्षणाच्या अनुदानावर ते बोलले. त्यातले आकडे मी वहीत उतरवून ठेवले आहेत, कारण ते आकडे म्हणजेच प्रश्न होते. सरकारच्याच शिक्षण खात्याच्या अहवालातून त्यांनी दाखवलं की इलाख्यात शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च होतो. एका रुपयाचे १६ आणे, म्हणजे रुपयासुद्धा नाही. आणि दारूवरच्या करातून सरकार माणशी घेतं ते याच्या दुपटीहून जास्त. तेव्हा त्यांची मागणी अशी की दारूतून लोकांकडून जेवढं घेता, तेवढं तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा. दारूबंदीसाठी बाटली आडवी करायला मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायांनो, हा हिशेब कौन्सिलात जवळपास शंभर वर्षांपूर्वी मांडला गेला होता!

दुसरा आकडा याहून टोचतो. शाळेत नाव घातलेल्या १०० मुलांपैकी फक्त १८ मुलं चौथीपर्यंत पोचतात. बाकीची ८२ पुन्हा निरक्षर होतात. नुसती पटावरची संख्या मोजून सरकार समाधान मानतं, आणि गळणारी मुलं मोजत नाही, हे त्यांनी समोर ठेवलं. आजही शाळा व्यवस्थापन समितीत बसणाऱ्या बायांनी हे करून बघावं. पहिलीत किती होती आणि चौथीतून किती बाहेर पडली, एवढेच दोन आकडे गुरुजींना विचारावेत.

आता तारीख लक्षात घ्या. १२ मार्चला हे भाषण झालं. १९ आणि २० मार्चला महाडला परिषद भरली. कौन्सिलात आकडे मांडणारा माणूस आठव्या दिवशी चवदार तळ्याच्या काठावर होता.

त्या परिषदेला गावोगावहून हजारो माणसं चालत आली होती. त्यांना प्यायला पाणी पाहिजे. नगरपालिकेने ठरावाने खुलं केलेलं तळं हाकेच्या अंतरावर. आणि परिषद भरवणाऱ्यांना ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरच्या मागे पळताना, पैसे देऊन ड्रम भरून घेताना मला नेहमी ते ४० रुपये आठवतात. आपल्याला पाणी नसतं म्हणून विकत घ्यावं लागतं. त्यांना पाणी असून विकत घ्यावं लागलं.

२० मार्चला सगळे रांगेने निघाले, तळ्यावर गेले. बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतलं, मग बाकीच्यांनी. बस्स, एवढंच. कौन्सिलचा ठराव, सरकारचा हुकूम, नगरपालिकेचा ठराव, तीन कागद हाताशी असताना ते पाणी प्यायले. त्यानंतर देवळात शिरणार आहेत अशी अफवा उठवून परत निघालेल्या लोकांना मारहाण झाली. आणि १०८ घागरी पाणी तळ्यातून काढून, त्यात दही, दूध, शेण, गोमूत्र घालून ते परत तळ्यात ओतून तळं 'शुद्ध' करण्यात आलं.

ज्या नगरपालिकेने तळं खुलं केलं होतं, तिनेच ४ ऑगस्ट १९२७ ला तो ठराव मागे घेतला. तारीख बघा, ४ ऑगस्ट. चार वर्षांपूर्वी बरोबर याच दिवशी बोल्यांचा ठराव मंजूर झाला होता. मुद्दाम झालं की योगायोगाने, देव जाणे. म्हणजे 'विचार करावा' असा सल्ला ज्यांना दिला होता, त्यांनी विचार केला, हो म्हटलं, पुन्हा विचार केला आणि नाही म्हटलं. हुकुमाच्या दुसऱ्या भागात ती फट ठेवलेलीच होती. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी कोर्टात जाऊन मनाई आणली. तळं खासगी आहे, असं त्यांचं म्हणणं. दावा दहा वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई हायकोर्टाने बाबासाहेबांच्या बाजूने निकाल दिला. कौन्सिलातल्या ठरावापासून धरलं तर एका ओंजळभर पाण्याला चौदा वर्षं लागली.

मावशी म्हणतील, मग कौन्सिलात विचारून उपेग काय झाला? हा प्रश्न मलाही पडला होता. पण उलटं करून बघा. बोल्यांचा ठराव नसता तर महाडला जाणारे लोक हक्क कसला सांगणार होते? 'आम्ही सरकारने मान्य केलेलं तेच करतोय' हे म्हणायला तो कागद लागला. आणि लोक तळ्यावर गेले नसते तर तो कागद दप्तरात वाळवीने खाल्ला असता. दोन्हींतलं एकच असतं तर पुरलं नसतं.

मृणालताई गोरे यांच्याबद्दल तुम्ही ऐकलं असेल. मुंबईत गोरेगावच्या पाण्यासाठी त्या भांडल्या, १९६१ मध्ये महापालिकेत निवडून गेल्या, १९७२ मध्ये विधानसभेत. आत प्रश्न आणि बाहेर हंडा मोर्चा, असं त्यांचं काम. लोक त्यांना पाणीवाली बाईच म्हणायचे. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी हरल्या, तेव्हा 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात' ही घोषणा घरोघर पोचली होती. बोल्यांच्या वेळी सभागृहात एकही बाई नव्हती. पन्नास वर्षांनी मंत्र्यांना पाण्यावरून बोलते करणारी बाई होती, हे मला सांगायचं होतं.

आता आजच्या रीतीबद्दल थोडं. आपल्याला सभागृहात जाऊन विचारता येत नाही. आपले आमदार विचारतात. तारांकित प्रश्नाला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. तातडीची गोष्ट असेल तर लक्षवेधी सूचना असते. मंत्र्यांनी सभागृहात "करू" म्हटलं की ते आश्वासन नोंदवलं जातं आणि ते पाळलं की नाही हे बघायला आश्वासन समिती असते. जिल्हा परिषद, पंचायत समितीचा कारभार तपासायला पंचायत राज समिती दौऱ्यावर येते. ती यायची असली की कचेरीला रंग लागतो आणि नळाला पाणी येतं, हे आपण सगळ्यांनी बघितलेलं आहे. तेव्हा ती कधी येणार आहे याचा पत्ता आधी लावून ठेवावा!

आमदारांना आपण निवेदन देतो, त्यात बहुतेक वेळा लिहितो, "आमच्या गावातील पाणीप्रश्न सोडवावा ही नम्र विनंती." त्यावर पुष्पगुच्छासकट फोटो निघतो. असल्या निवेदनातून प्रश्न तयार होत नाही. त्यांना गावाचं नाव, योजनेचं नाव, मंजुरीची तारीख, किती पैसे खर्च पडले आणि पाणी किती दिवस आलं, एवढं एका कागदावर हवं. यातलं जे आपल्याकडे नसेल ते ग्रामपंचायतीतून घ्यायचं, दिलं नाही तर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकारात मागायचं. अधिवेशनं मुंबईत दोन आणि हिवाळ्यात नागपूरला एक. प्रश्न बरेच आधी द्यावे लागतात, म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर धावण्यात अर्थ नाही.

आमच्या गटाने काय केलं ते सांगते. ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते. या वेळी आम्ही तिला रिकाम्या हाताने गेलो नाही. विधानसभेच्या त्या पानासारखाच कागद केला, नंबर घालून. एक, टाकीचं काम पूर्ण झाल्याचा दाखला ठेकेदाराला दिला आहे, हे खरे आहे काय. दोन, असल्यास कोणत्या तारखेला आणि किती बिल अदा केलं. तीन, टाकीत पाणी किती वेळा चढलं. चार, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. 'काय' हा शब्द मावशींना फार आवडला. त्या म्हणाल्या, आपण बोलतो तसंच हाय की.

कागद वाचून झाला. सरपंचताई म्हणाल्या, वरून निधी आला की बघू. ग्रामसेवक भाऊसाहेब इतिवृत्तात लिहीत होते. मी त्यांच्या बाजूलाच बसले होते. त्यांनी लिहिलं होतं, "पाणीपुरवठ्याबाबत चर्चा करण्यात आली." मी ते मोठ्याने वाचून दाखवलं.

मावशी उठून उभ्या राहिल्या. "भाऊसाहेब," त्या म्हणाल्या, "आम्ही चर्चा न्हाई केली. आम्ही इचारलं. चारी सवाल नंबरासकट लिवा, अन् उत्तर आलं न्हाई ते बी लिवा. आजची तारीख घाला."

भाऊसाहेबांनी आधी सरपंचताईंकडे बघितलं, मग आमच्याकडे. आम्ही बेचाळीस जणी होतो. त्यांनी ती ओळ खोडली, पान उलटलं आणि एक नंबर घातला.